खर्च कोणाच्या नावावर?

धर्म ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, हे वाक्य आपल्याकडे सुसंस्कृतपणाची खूण समजलं जातं. वाद चिघळू लागला की कोणीतरी ते उच्चारतं आणि मग सगळे माना डोलावून आपापल्या घरी जातात. वाक्यामागची इच्छा चांगली आहे. विचार मात्र उथळ आहे. श्रद्धा मनात असते तोवरच खासगी असते. ती आचारात उतरली की तिला खर्च येतो: जागेचा, वेळेचा, पैशाचा, श्रमाचा, मानाचा, क्वचित जिवाचाही. तो खर्च कोणी ना कोणी भरतोच. म्हणून धर्माचं समाजातलं स्थान ठरवताना खासगी की सार्वजनिक हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. आधी विचारायचं ते हे, की या आचाराची किंमत श्रद्धा बाळगणारा स्वतः मोजतो की ती दुसऱ्याच्या माथी मारतो?

ही कसोटी हवेत मांडण्यापेक्षा वर्धा जिल्ह्यावर लावून पाहू. २०११च्या जनगणनेत जेमतेम तेरा लाख वस्ती असलेल्या या जिल्ह्यात गेल्या शंभर वर्षांत धर्माचे जितके प्रयोग झाले, तितके महाराष्ट्रात इतरत्र एवढ्या छोट्या टापूत क्वचितच झाले असतील. गांधी, विनोबा, जमनालाल बजाज इथे राहिले, आंबेडकर इथे येऊन गेले, आणि त्यांच्या वागण्याची नोंद उपलब्ध आहे. त्या नोंदीत सोयीच्या गोष्टी आहेत तशाच अडचणीच्याही आहेत. अडचणीच्या गोष्टींना मी जास्त जागा देणार आहे.

‘खासगी’ या शब्दाआड काय लपतं

‘खासगी’ म्हटलं की दोन गोष्टी एकदम झाकल्या जातात. पहिली म्हणजे घराच्या आतली सक्ती. विटाळाचे चार दिवस वेगळं बसणं, नवऱ्याच्या आयुष्यासाठी निर्जळी उपास, विधवेला हळदीकुंकवाला न बोलावणं, हे सारं घरातच घडतं. म्हणून ते खासगी ठरवायचं असेल, तर घरातल्या बाईने भरलेली किंमत हिशोबातच धरायची नाही असा त्याचा अर्थ होतो. दुसरी गोष्ट म्हणजे मालकी. देऊळ ट्रस्टचं, जागा अमक्याच्या आजोबांनी दिलेली, उत्सव मंडळाचा. तेव्हा आत कोण येणार ते आम्ही ठरवू, हा युक्तिवाद ‘खासगी’च्या आधारानेच उभा राहतो. अस्पृश्यता पाळणाऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वी हाच युक्तिवाद केला होता. आमची श्रद्धा, आमचं देऊळ, तुम्ही कशाला मध्ये पडता? आज उदारमतवादी माणूस जे वाक्य शांततेसाठी वापरतो, ते तेव्हा दार बंद ठेवण्यासाठी वापरलं गेलं.

१. देवळाचं दार : १९२८

वर्धा शहरातलं लक्ष्मीनारायण मंदिर बजाज घराण्याचं. जुलै १९२८ मध्ये जमनालाल बजाजांनी ते अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुलं केलं. विनोबा सोबत होते. जमनालालांच्याच आग्रहावरून ते १९२१ साली वर्ध्याला आश्रम चालवायला आले होते. असं उघडलेलं हे देशातलं पहिलं महत्त्वाचं देऊळ असं सांगितलं जातं, आणि वर्धेकरांना त्याचा अभिमान आहे.

कसोटी लावली तर काय दिसतं? दार बंद होतं तेव्हा सवर्णाच्या शुद्धतेच्या कल्पनेची सगळी किंमत बाहेर उभा राहणारा भरत होता. शुद्ध राहायचं होतं एकाला आणि अपमान सोसत होता दुसरा. दार उघडल्यावर खर्चाचा एक भाग मालकाकडे सरकला. जमनालालांना स्वतःच्या मारवाडी समाजातल्या सनातन्यांचा रोष आणि बहिष्कार सोसावा लागला. व्यापारी घराण्याला जातभाईंचा बहिष्कार म्हणजे नुसती नाराजी नसते. लग्नसंबंध, उधारी, पत सगळं त्यात येतं. ती झळ त्यांनी सोसली, म्हणून १९२८ ही घटना मला नुसत्या प्रतीकापेक्षा मोठी वाटते.

तरी ती अपुरी होती, हेही इथेच सांगायला हवं. दार उघडण्याचा अधिकार मालकाकडेच राहिला. बाहेरच्या माणसाला प्रवेश मिळाला तो परवानगी म्हणून. शेजारच्या अमरावतीत नोव्हेंबर १९२७ मध्ये अंबादेवीच्या देवळातल्या प्रवेशासाठी परिषद भरली होती आणि डॉ. आंबेडकर तिचे अध्यक्ष होते. तिथली मागणी हक्काची होती. दोन शहरांमधलं अंतर फार नाही, पण एका ठिकाणी देणारा बोलत होता आणि दुसऱ्या ठिकाणी मागणारा. हक्काची भाषा कायद्यात यायला पुढे वीसेक वर्षं जावी लागली. मध्य प्रांत-वऱ्हाडात १९४७ साली मंदिरप्रवेशाचा कायदा झाला, आणि राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने सार्वजनिक स्वरूपाची हिंदू धर्मस्थळं सगळ्या हिंदूंना खुली करण्याचा अधिकार शासनाला दिला.

२. बाहेर पडण्याचा खर्च : १९३६ ते १९९०

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी सेगावात राहायला आले. याच सेगावला पुढे सेवाग्राम म्हणू लागले. लगेच मेच्या सुरुवातीला डॉ. आंबेडकर तिथे त्यांना भेटले. येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा ते करून चुकले होते. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३०च्या मार्चमध्ये सुरू होऊन काही वर्षं चालला, आणि देवळाचं दार उघडलं नाही. मंदिरप्रवेशाच्या विधेयकाबद्दलही त्यांची भूमिका १९३३ सालीच स्पष्ट होती: देवळात शिरायला मिळालं तरी चातुर्वर्ण्य शाबूत राहणार असेल, तर त्या प्रवेशात आम्हाला रस नाही.

इथे ‘खासगी बाब’वाल्यांची सगळ्यात मोठी फजिती होते. श्रद्धा खरोखर खासगी असती तर ती बदलायला एवढा खटाटोप कशाला लागला असता? मनातल्या मनात बुद्धाला शरण जाता आलंच असतं की. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आंबेडकरांसोबत बौद्ध धर्म स्वीकारताना लाखोंनी जे केलं ते उघड्यावर, एकत्र, प्रतिज्ञा उच्चारून केलं, कारण त्यांना जे सोडायचं होतं ते मनात नव्हतं. ते विहिरीवर होतं, पंगतीत होतं, गावाच्या नकाशात होतं.

आता खर्च बघा. दीक्षाभूमीवरून वर्धा जिल्ह्यातल्या गावी परतलेल्या माणसाने घरातले देव काढले, गावकीची परंपरागत कामं नाकारली, मेलेलं ढोर ओढणं बंद केलं. त्याबरोबर गावकीच्या कामापोटी मिळणारं धान्य गेलं. सरकारदरबारी तर आणखी विचित्र प्रकार झाला. अनुसूचित जातींच्या १९५०च्या आदेशानुसार त्या यादीत फक्त हिंदूंना जागा होती. १९५६ मध्ये शिखांना मिळाली. बौद्धांना थेट १९९० साली. राज्य स्थापन झाल्यावर महाराष्ट्र सरकारने आपल्यापुरत्या सवलती चालू ठेवल्या, पण केंद्राच्या नोकरीत आणि शिक्षणात चौतीस वर्षं धर्म बदलल्याचा दंड भरावा लागला. आपल्या श्रद्धेची किंमत स्वतः मोजणं याचं याहून ठळक उदाहरण आधुनिक महाराष्ट्रात मला दिसत नाही. आणि तरी चर्चेत ‘त्याग’ हा शब्द नेहमी आश्रमांच्या वाट्याला येतो, बौद्ध मोहल्ल्याच्या नाही. आज जिल्ह्यात साधारण दर आठ माणसांत एक बौद्ध आहे. वर्षावासात विहारांमधून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन चालतं. हे वाचन एखाद्या सप्ताहाइतकंच सार्वजनिक आहे, फक्त त्याच्या वर्गणीसाठी कोणी दुसऱ्या मोहल्ल्यातल्या दुकानदाराला दम देत नाही.

३. प्रार्थना केव्हा थांबवायची

सेवाग्रामची सर्वधर्म प्रार्थना शाळेच्या सहलींनी इतकी गुळगुळीत करून टाकली आहे, की तिच्यातला काटा आता कोणाला टोचत नाही. उघड्या मैदानात बसायचं, मूर्ती नाही, गाभारा नाही. आश्रमात राहून गेलेल्या जपानी भिक्षूचा बौद्ध मंत्र, ईशावास्य, कुराणातला अल-फातिहा, पारशी प्रार्थना, गीतेतली स्थितप्रज्ञाची लक्षणं, एखादं भजन. ‘सगळे धर्म शेवटी एकच सांगतात’ असा तिचा अर्थ लावला जातो. तो अर्थ मला पटत नाही. फातिहा आणि ईशावास्य एकच सांगत असते तर दोन्ही म्हणायची गरज काय होती? वेगळं आहे म्हणूनच शेजारी ठेवलं.

खरी परीक्षा पुढे दिल्लीत झाली. एप्रिल १९४७ मध्ये भंगी कॉलनीतल्या प्रार्थनेत कुराणातला भाग म्हणायला काही लोकांनी हरकत घेतली. गांधीजींपुढे दोन सोपे मार्ग होते. बहुमत त्यांच्या बाजूने होतं, तेव्हा हरकत घेणाऱ्यांना बाहेर काढता आलं असतं. किंवा तेवढा भाग गाळून बाकीची प्रार्थना करता आली असती. त्यांनी त्या दिवसांत प्रार्थनाच थांबवली. हरकत घेणाऱ्यांचा अपमान करून ती म्हणायची नाही आणि तोडून-मोडूनही म्हणायची नाही. दोन्ही टाळण्याचा खर्च त्यांनी स्वतःच्या साधनेवर घातला. जी प्रार्थना आपल्या दिवसाचा कणा मानतो ती स्वतः सोडून देणं म्हणजे काय, हे रोज आरतीला बसणाऱ्याला जास्त कळेल.

दुसरी घटना सेवाग्रामचीच, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची. आंध्रातले नास्तिक कार्यकर्ते गोरा, म्हणजे गोपराजू रामचंद्र राव, १९४४ पासून गांधीजींशी वाद घालायला सेवाग्रामला येऊ लागले. ईश्वर नाही असं ठामपणे म्हणणारा हा माणूस अस्पृश्यतेविरुद्ध गावात राहून काम करत होता. आपल्या मुलीचं लग्न दलित तरुणाशी लावायचं त्यांनी ठरवलं आणि ते आश्रमात लावायची गांधीजींची तयारी होती. शपथ ईश्वराच्या नावाने घ्यायची कशी, हा पेच आला. गांधीजींनी आपल्या विधीतला ईश्वर बाजूला ठेवून सत्याच्या नावाने शपथ घ्यायला मान्यता दिली. लग्न झालं मार्च १९४८ मध्ये, सेवाग्राममध्येच. गांधीजी तेव्हा हयात नव्हते.

आस्तिकाने नास्तिकाला सहन करणं ही सभ्यता झाली. आस्तिकाने नास्तिकासाठी आपला विधी बदलणं हे वेगळं आहे. इथे झुकलं कोण? ज्याच्या हातात आश्रम होता तो. बहुतेक आंतरधर्मीय आणि आंतरजातीय लग्नांत नेमकं उलटं होतं. ज्याची ताकद कमी त्याने नाव बदलायचं, देव बदलायचा, माहेर सोडायचं.

४. गिरडची टेकडी

समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडला बाबा फरीदांचा दर्गा आहे. टेकडीवर सुपारीएवढे, बोराएवढे गोल खडे सापडतात. भूगर्भशास्त्र त्यांना झिओलाइटच्या गाठी म्हणतं; दंतकथा सांगते की फकिराची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला. दर्ग्याला हिंदूही जातात, मुसलमानही. अशा ठिकाणांना ‘गंगा-जमनी’ म्हणून गोंजारण्याची पद्धत आहे. माझा मुद्दा छोटा आहे. इथला नवस फार कोणाच्या वाट्याला जात नाही. ज्याने बोलला तो चालत येतो, आपल्या पैशाने जेवण घालतो, जातो. दर्गा कोणाचा, आधी तिथे काय होतं, हा प्रश्न उकरून काढला की त्याच क्षणी खर्चाचं नाव बदलतं. मग नवस फेडणारा बाजूला पडतो आणि गावातला एखादा पानठेलेवाला त्याची किंमत मोजतो.

५. गायीचा हिशोब

आता अडचणीचा भाग. वर्धा ही गवळाऊ गायीची भूमी. आर्वी-कारंजा भागातली ही पांढरी, हलक्या अंगाची, चपळ जात. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला तिच्या पैदाशीचं सरकारी केंद्र आहे. जमनालाल बजाजांनी आयुष्याचे शेवटचे महिने गोसेवेला वाहिले. विनोबांनी १९७६ मध्ये गोवधबंदीसाठी उपोषण जाहीर केलं, एप्रिल १९७९ मध्ये प्रत्यक्ष केलं आणि पंतप्रधान मोरारजी देसाईंच्या आश्वासनानंतर सोडलं. १९८२ मध्ये मुंबईच्या देवनार कत्तलखान्यावर सत्याग्रह सुरू करवला.

विनोबांची निष्ठा निर्विवाद. उपोषणात स्वतःचाच देह पणाला लावला होता, तेव्हा वरवर पाहता ते कसोटीत उतरतात. मला मात्र ते उतरत नाहीत असं वाटतं. देह पणाला लावून जे मागितलं ते कायद्याच्या रूपाने दुसऱ्यावर बसणारं होतं. उपोषण पाच दिवसांचं, कायदा कायमचा. महाराष्ट्राने १९७६च्या कायद्याने गायीची कत्तल बंद केली आणि २०१५च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आणले. कोरडवाहू कापूस-सोयाबीनवाल्याकडे बैलजोडी हे भांडवल असतं. म्हातारा बैल विकून आलेल्या पैशांत भर घालून तो नवा घ्यायचा. ती वाट बंद झाल्यावर थकलेल्या बैलाचा चारा, पाणी, औषध त्याच्याच खिशातून. गाय पूजनीय वाटणारा शहरातला माणूस मात्र या चाऱ्यासाठी काही देत नाही. कातडीच्या, मांसाच्या, वाहतुकीच्या धंद्यातल्या लोकांचं तर नावही कोणी घेत नाही.

यावर उत्तर येतं की शेतकरीही गायीला मानतो, पोळ्याला बैलाच्या पाया पडतो. पडतोच. सिंदी रेल्वेच्या तान्ह्या पोळ्यात लाकडी नंदींची मिरवणूक पाहावी. बैलाबद्दलचं प्रेम तिथे पोरांपासून दिसतं. पण पोळ्याला पुरणपोळी भरवणारा आणि दुष्काळात बाजाराला बैल नेणारा माणूस एकच असतो, आणि त्याच्या धर्मात या दोन्हींना जागा होती. कायद्याने शेतकऱ्याच्या श्रद्धेचा एक भाग उचलला आणि त्याच्या श्रद्धेचा दुसरा भाग गुन्हा ठरवला. गोरक्षण हवं असेल तर गोसदन चालवा, भाकड जनावरं बाजारभावाने विकत घ्या, आयुष्यभर पोसा. जमनालालांचा गोसेवा संघ निदान आपल्या पैशाने आणि आपल्या श्रमाने सेवा करायला निघाला होता. त्याच जिल्ह्यात एकाच गायीबद्दल दोन धर्माचार जन्मले. पहिल्याने आपला खिसा मोकळा केला, दुसऱ्याने सरकारचा हात धरला.

६. पवनार, नोव्हेंबर १९८२

त्याच विनोबांची शेवटची कृती या कसोटीवर वेगळी उतरते. नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर त्यांनी अन्न, पाणी, औषध घेणं बंद केलं. १५ नोव्हेंबरला, दिवाळीत, धाम नदीकाठच्या पवनार आश्रमात त्यांचं निधन झालं. कायद्याच्या पुस्तकात तेव्हा आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. कोणी गुन्हा नोंदवला नाही, आणि त्याचं कारण केवळ त्यांचा दबदबा होता असं मला वाटत नाही. सत्त्याऐंशी वर्षांचा, आजारी, पूर्ण शुद्धीवर असलेला माणूस कोणाकडून काही न मागता जात होता. १९७९च्या उपोषणाला समोर सरकार होतं. या प्रायोपवेशनाला समोर कोणीच नव्हतं.

जैनांच्या संथाऱ्यावर, म्हणजे अन्नपाणी सोडून मृत्यू स्वीकारण्याच्या व्रतावर, राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये बंदी घातली आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. वाद झाला तो संथारा हा जैन धर्माचा अनिवार्य भाग आहे का, यावर. १९५४च्या शिरूर मठ खटल्यापासून न्यायालयं हाच प्रश्न विचारत आली आहेत: ही प्रथा धर्माला अत्यावश्यक आहे काय? न्यायाधीशांना शास्त्री-पंडित करणारा हा प्रश्न मला मुळातच चुकीचा वाटतो. अस्पृश्यता शास्त्रात अत्यावश्यक सापडली असती तर ती चालली असती का? आणि संथारा शास्त्रात ऐच्छिक निघाला म्हणून तो गुन्हा ठरतो का? विचारायला हवं ते असं: जाणाऱ्या व्यक्तीने स्वतः ठरवलं आहे का, मध्येच थांबायचं म्हटलं तर थांबता येतं का, घराला मान मिळावा किंवा म्हातारीचा खर्च वाचावा म्हणून तिला कोणी ढकलत तर नाही? विनोबा या तिन्ही प्रश्नांत बसतात. एखादी निराधार विधवा बसेलच असं नाही. एकाच धर्माचा एकच विधी एकीकडे मोक्ष आणि दुसरीकडे खून ठरू शकतो, आणि तो फरक धर्मग्रंथ उघडून कळत नाही.

आक्षेप पहिला : श्रद्धेला खर्चाच्या वहीत बसवता का?

भाविक म्हणेल, ज्ञानेश्वर-तुकोबांच्या भक्तीला जमाखर्च लावणारे तुम्ही कोण? त्याचं अर्धं बरोबर आहे. श्रद्धा कशासाठी आहे हे खर्चावरून कळत नाही. सेलू तालुक्यात घोराडला संत केजाजी महाराजांच्या यात्रेत पायी आलेल्या माणसाला काय मिळतं, ते मी मोजू शकत नाही, मोजायचंही नाही. मी फक्त एवढंच विचारतो की त्याच्या भक्तीपायी दुसऱ्याचं काय गेलं. भक्तीचं मोल भक्त ठरवील. दुसऱ्याचं नुकसान मात्र त्याला एकट्याला ठरवता येणार नाही. संतपरंपराही याला अनोळखी नाही. तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थना गावोगाव नेली तेव्हा ती मुद्दाम बिनखर्ची ठेवली. श्रीगुरुदेव सेवा मंडळाची संध्याकाळची प्रार्थना कुठल्याही ओट्यावर होते. पुजारी लागत नाही, दक्षिणा लागत नाही. गाडगेबाबांचं तर सगळं कीर्तनच कर्ज काढून केलेल्या देवकार्याविरुद्ध होतं.

आक्षेप दुसरा : स्वेच्छा ठरवायची कशी?

हा सगळ्यात जड आक्षेप आहे आणि त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. हरतालिकेचा उपास करणारी बाई म्हणते, मी माझ्या इच्छेने करते. तिच्या इच्छेवर शंका घेणारा मी कोण? पण ती इच्छा ज्या घरात घडली तिथे उपास न करणाऱ्या सुनेचं काय होतं, हे तर विचारता येतं. स्वेच्छा मनात शिरून तपासता येत नाही. नकाराची किंमत बाहेरून तपासता येते. नकार स्वस्त असेल तिथे होकार खरा मानावा.

पवनारचं ब्रह्मविद्या मंदिर या बाबतीत बघण्यासारखं आहे. विनोबांनी १९५९ मध्ये ते स्त्रियांच्या सामूहिक साधनेसाठी सुरू केलं. ब्रह्मचर्य, शेतीचे आणि घरकामाचे श्रम, अध्ययन, प्रमुख कोणी नाही, निर्णय सर्वसंमतीने. ब्रह्मचारिणी म्हटलं की आपल्याला दडपलेलं आयुष्य दिसतं आणि संसार म्हटलं की नैसर्गिक आयुष्य. १९५९ सालच्या मराठी किंवा गुजराती मुलीला लग्न नाकारणं महाग होतं की आश्रम नाकारणं? आश्रमात न जाण्याची किंमत शून्य होती. लग्न न करण्याची किंमत घर सोडण्याएवढी होती. मग या दोहोंपैकी कुठला होकार जास्त मोकळा, हे उघड आहे. संन्यासाची पुरुषांची मक्तेदारी इथे मोडली गेली आणि त्यासाठी दुसऱ्या कोणाला काही द्यावं लागलं नाही, एवढं तरी मान्य करायला हरकत नसावी.

जातीच्या बाबतीत नकाराची किंमत मोजण्याचं काम आता कायद्यातही आलं आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६चा कायदा कोणाच्या श्रद्धेला हात लावत नाही. जातपंचायतीचं न ऐकणाऱ्याचं किराणा, पाणी, मयत-लग्न तोडणं हा गुन्हा आहे, एवढंच तो सांगतो. तेव्हाच्या मुंबई प्रांताने १९४९ साली बहिष्कृतीबंदीचा कायदा केला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या खटल्यात तो रद्द केला, कारण बहिष्कार घालणं हा पंथाच्या धर्माचा भाग मानला गेला. ‘धर्माचा भाग आहे का’ विचारलं की उत्तर असं येतं.

आक्षेप तिसरा : ‘खासगी’ म्हटल्याने निदान शांतता राहते

राहते, पण बाहेरच्यांच्या खर्चाने. पश्चिम युरोपात पंथापंथांतल्या युद्धांनंतर धर्म घरात ठेवण्याची तडजोड झाली, तेव्हा भांडणारे दोन्ही पक्ष देवळाच्या आत होते. आपल्याकडे ज्याला आत येऊच दिलं नाही त्याला ‘तुझा धर्म तुझ्या घरात ठेव’ सांगणं म्हणजे आहे त्या रचनेवर शिक्का मारणं. विनोबांनी हे ओळखलं होतं. १९५३ मध्ये देवघरला हरिजनांसह वैद्यनाथाच्या देवळात जाताना त्यांना मार बसला. १९५५ मध्ये सोबतच्या फ्रेंच बाईंना अडवलं म्हणून ते पुरीच्या जगन्नाथाच्या दारातून परत फिरले. मे १९५८ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात ते मुसलमान आणि ख्रिस्ती सहकाऱ्यांना घेऊन गेले, तेही तिथल्यांच्या संमतीने. तिन्ही ठिकाणी दर्शन घेण्याचा त्यांचा हक्क कोणी नाकारत नव्हतं. खासगी श्रद्धेपुरतं बघायचं असतं तर एकट्याने आत जाऊन यायला त्यांना काय अडचण होती?

जिथे अजून कोणी सत्याग्रह केलेला नाही

देवळाचं दार हा प्रश्न आज बहुतेक गावांत मिटलेला दिसतो, आणि त्यामुळेच खासगी बाबीचा युक्तिवाद पुन्हा जोरात आहे. पण विदर्भातल्या कितीतरी गावांत स्मशानं अजून जातवार आहेत. एका बाजूला शेड, ओटा, हातपंप, डांबरी रस्ता. दुसऱ्या बाजूला नाल्याकाठची मोकळी जागा, जिथे पावसाळ्यात सरण पेटत नाही. यावर कोणी धर्माचा वाद म्हणून बोलत नाही. देव नाही, मूर्ती नाही, आरती नाही, तेव्हा हा प्रश्न ग्रामपंचायतीच्या बांधकाम निधीचा समजला जातो. खरं तर जुना शुद्धतेचा आचार आता इथे येऊन बसला आहे, कारण इथे तो पाळणाऱ्याला काहीच सोडावं लागत नाही. जिवंत असताना देवळात शेजारी उभा राहू दिलेला माणूस मेल्यावर वेगळ्या वाटेने जातो, आणि ही वाट सरकारी पैशातून बांधली जाते.

पूर्वी दार उघडायला मालक तरी होता. जमनालाल बजाज नावाचा एक माणूस ठरवू शकत होता आणि त्याची झळ सोसू शकत होता. स्मशानाला मालक नाही. तिथे ठरवायचं ग्रामसभेला, म्हणजे ज्यांची सोय या व्यवस्थेत आहे त्यांच्याच बहुमताला. गावात एकच स्मशान असेल आणि निधी त्याच एका ठिकाणी खर्च होईल, असा ठराव मांडणारा सरपंच पुढची निवडणूक हरेल, हे त्यालाही ठाऊक असतं.